जुन्या प्लेस्टेशन २ मध्ये जास्त रॅम बसवली तर?

माळ्यावरचा प्लेस्टेशन २ खाली येतो, फडक्याने पुसला जातो, टीव्हीला जोडला जातो. दहा मिनिटं सगळे खूश असतात. मग लोडिंगची पट्टी सरकता सरकत नाही आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "याची रॅम वाढवता येत नाही का रे?"

प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप रखडायला लागला की आपण तेच करतो. रॅमची पट्टी घालतो, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो आणि मशीन आणखी चार वर्षं ओढतो. मग गेमिंग कन्सोलचंही तसंच का होऊ नये? सोल्डरिंगचा खर्च, चिपा मिळण्याची अडचण, सगळं घटकाभर विसरू. रॅम चौपट, प्रोसेसर दीडपट, डिस्कच्या जागी एसएसडी असा प्लेस्टेशन २ समोर ठेवला, तर त्यावर जुने गेम कसे चालतील?

रॅमने जवळपास काहीच होणार नाही. प्रोसेसरने काही गेम सुधारतील, काही बिघडतील. स्टोरेज बदलल्याचा फायदा मात्र खरा आहे, आणि तो आजही घेता येतो. असं का, हे कळायला आधी डब्याच्या आत डोकवावं लागेल.

आतला संसार

सोनीचा प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी विक्रीला आला. त्याच्या मुख्य प्रोसेसरचं नाव इमोशन इंजिन, थोडक्यात ईई. वेग २९४.९१२ मेगाहर्ट्झ. त्याला जोडलेली रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, ३२ एमबी. चित्र रंगवणारी चिप वेगळी, ग्राफिक्स सिंथेसायझर, म्हणजे जीएस. तिची स्वतःची ४ एमबी मेमरी आहे. तिसरा गडी फारसा कुणाला ठाऊक नसतो. डिस्क, कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि आवाज यांची ने-आण बघणारा एक छोटा प्रोसेसर, आयओपी. हा म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर, ३६.८६४ मेगाहर्ट्झचा, स्वतःच्या २ एमबी मेमरीसह. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम लावले की तोच मुख्य प्रोसेसर होतो, एरवी हमाली करतो.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. जीएसची ४ एमबी म्हणजे ओटा: एवढासा, पण सगळं हाताशी. ३२ एमबी रॅम म्हणजे दोन पावलांवरचं फडताळ. डीव्हीडी म्हणजे नाक्यावरचा वाणी. आयओपी म्हणजे पिशवी घेऊन वाण्याकडे पळणारा पोऱ्या. जेवणाला उशीर होतोय म्हणून फडताळ मोठं करायचं, की ओटा, की पोऱ्याला सायकल घेऊन द्यायची? हे उशीर नेमका कुठे होतोय यावर ठरतं. पुढचं सगळं गणित याच प्रश्नाभोवती फिरतं.

रॅम वाढवली तर

लॅपटॉपला रॅमचा फायदा का होतो? तिथे एकाच वेळी ब्राउझरचे वीस टॅब, व्हॉट्सॲप, अँटिव्हायरस आणि विंडोज स्वतः अशी सगळी गर्दी रॅमसाठी भांडत असते. जागा संपली की विंडोज काही माल हार्ड डिस्कवर हलवतं आणि लागला की परत आणतं. मशीन रखडतं ते या खेपांमुळे. रॅम वाढली की खेपा थांबतात.

प्लेस्टेशन २ वर अशी गर्दीच नसते. एका वेळी एक गेम, आणि सारी रॅम त्याची. गेम बनवणाऱ्यांनी त्या ३२ एमबीचा हिशोब महिनोन् महिने घासलेला असतो. इतकी जागा पात्रांना, इतकी रस्त्यांना, इतकी आवाजाला. बजेट पार झालं तर इमारतीतले तपशील कमी करायचे, धुकं वाढवून लांबचा डोंगर लपवायचा, किंवा एका मोठ्या पातळीचे दोन तुकडे करून मधे एक दरवाजा ठेवायचा. तो दरवाजा उघडायला चार सेकंद लागतात ते उगाच नाही. दाराआडचा भाग तेवढ्यात डिस्कवरून येत असतो.

तुम्ही आज १२८ एमबी बसवली म्हणून डिस्कवर जास्त तपशीलाच्या इमारती उगवत नाहीत. दरवाजा तिथेच राहतो, कारण तो गेमच्या नकाशातच कोरलेला आहे. फडताळ दुप्पट केलं तरी वाण्याची यादी तीच असेल, तर वरचे कप्पे रिकामेच राहणार.

हे नुसतं तर्कट नाही. गेम कंपन्यांना सोनी जी विकसन यंत्रं देत असे, त्यांत १२८ एमबी रॅम होती. ती जादा जागा चुका शोधण्याच्या साधनांसाठी. बाजारात जाणारा गेम ३२ मध्येच बसवावा लागे. आज हा प्रयोग घरबसल्याही करता येतो. इम्युलेटर, म्हणजे एका मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर, प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२ नावाने फुकट मिळतं. त्यात १२८ एमबी रॅम चालू करण्याचा पर्याय आहे. चालू करून नेहमीचा गेम लावा. खेळताना फरक दिसत नाही.

"मग निन्टेन्डो ६४ मध्ये कसं चाललं?" हा आक्षेप इथे हमखास येतो. त्या कन्सोलला ४ एमबी रॅम होती आणि पुढच्या बाजूच्या झाकणाखाली आणखी ४ एमबीचा एक्सपान्शन पॅक बसत असे. पण तो निन्टेन्डोने स्वतः विकला आणि गेम बनवणाऱ्यांना त्याची कल्पना होती. डॉन्की काँग ६४ तर त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. ज्या गेमांना या पॅकचा पत्ताच नव्हता, ते तो बसवल्यावरही आधीसारखेच चालले. जादा रॅम उपयोगी पडते ती तिच्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला. प्लेस्टेशन २ साठी आजही हौशी लोक स्वतःचे प्रोग्रॅम लिहितात, त्यांना ६४ किंवा १२८ एमबी मिळाली तर ते नक्की वापरतील. दुकानातून आणलेली डिस्क वापरणार नाही.

ओटा मोठा केला तर

जीएसच्या ४ एमबीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. या कन्सोलची खरी गंमत तिथे आहे आणि बहुतेक गैरसमजही तिथलेच.

टीव्हीवर दिसणारं एक पूर्ण चित्र म्हणजे एक फ्रेम. भारतात चालणारी टीव्हीची पद्धत पाल, तिचं पूर्ण चित्र ६४० बाय ५१२ ठिपक्यांचं धरू. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट. ६४० × ५१२ × ४ म्हणजे बरोबर १.२५ एमबी. एक चित्र टीव्हीवर दिसत असताना दुसरं मागे रंगवलं जात असतं, म्हणून दोन चित्रं हवीत: २.५ एमबी. शिवाय कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे, हे लक्षात ठेवायला प्रत्येक ठिपक्यामागे आणखी ४ बाइट, म्हणजे परत १.२५. झाले ३.७५ एमबी.

चारातून उरले फक्त २५६ केबी. आणि त्या उरलेल्या कोपऱ्यात टेक्श्चर बसवायची, म्हणजे भिंतीवर विटांचं, चेहऱ्यावर त्वचेचं जे चित्र चिकटवलेलं असतं ते. २५६ बाय २५६ ठिपक्यांचं पूर्ण रंगातलं एकच टेक्श्चर २५६ केबी खातं. एका विटेच्या चित्रातच ओटा संपला!

मग एवढी शहरं, एवढी जंगलं दिसली कशी? दोन उपायांनी. पहिला उपाय काटकसरीचा. रंगाला ४ ऐवजी २ बाइट द्यायचे, जुने टीव्ही एका वेळी एकाआड एक ओळीच दाखवत म्हणून चित्राची उंची अर्धीच ठेवायची, टेक्श्चरमध्ये हजारो रंगांऐवजी ठरावीक १६ किंवा २५६ रंगांची पेटी वापरायची. १६ रंगांचं २५६ बाय २५६ टेक्श्चर ३२ केबीत मावतं.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा. ओटा लहान आहे, पण फडताळ दोनच पावलांवर आहे आणि स्वयंपाकी चपळ आहे. ईईकडून जीएसकडे सेकंदाला सुमारे १.२ जीबी माल जाऊ शकतो. सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर प्रत्येक फ्रेममध्ये २४ एमबी. त्यात आकारांची माहितीही जाते, तरी ओटा एका फ्रेममध्ये अनेकदा रिकामा करून पुन्हा भरता येतो. विटा आणायच्या, भिंत रंगवायची, विटा पुसून गवत आणायचं. जे गेम हे तंत्र शिकले ते २००५ सालीही देखणे दिसले. जे शिकले नाहीत, विशेषतः दुसऱ्या कन्सोलवरून घाईघाईने उचलून आणलेले, ते धुरकट दिसले आणि दोष ४ एमबीवर गेला.

आता कल्पनेतलं अपग्रेड करू. हे ४ एमबी सुट्या चिपेत नाहीत, जीएसच्याच सिलिकॉनवर कोरलेले आहेत. त्यामुळे मेमरी आणि रंगवणारे भाग यांच्यामधला रस्ता २५६० बिट रुंद ठेवता आला आणि वेग सेकंदाला ४८ जीबीपर्यंत गेला. २००० सालच्या मानाने हा आकडा अफाट होता. म्हणजे ओटा मोठा करायचा तर अख्खी चिपच नव्याने बनवावी लागेल. सोनीने तेही एकदा करून पाहिलं. जीएसक्यूब नावाचं चित्रपटनिर्मितीसाठीचं यंत्र २००० मध्येच दाखवलं गेलं. त्यात ईई-जीएसच्या १६ जोड्या होत्या, प्रत्येक जीएसला ४ ऐवजी ३२ एमबी आणि प्रत्येक ईईला १२८ एमबी. ते दुकानात कधी आलं नाही.

अशी ३२ एमबीची जीएस आपल्या डब्यात बसवली तर? पुन्हा तेच. जुना गेम "विटा अमुक पत्त्यावर ठेव, मग पूस, मग गवत आण" हेच करत राहणार, कारण त्याच्या सूचना तशाच लिहिलेल्या आहेत. ओटा आता पाच फुटांचा झालाय हे त्याला सांगणारं कुणी नाही.

प्रोसेसर पळवला तर

इथे मात्र चित्र बदलतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिपला तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्याचा फायदा समजायला आधी एक विचित्र नियम समजून घ्यावा लागेल.

पाल टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र ताजं करतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी. बहुतेक गेम चित्र अर्धवट दिसू नये म्हणून या ठोक्याची वाट बघतात. ही गाडी वेळेवर सुटणाऱ्या लोकलसारखी आहे. फ्रेम १९ मिलिसेकंदांत तयार झाली तर गाडी मिळाली. २१ लागले तर गाडी गेली, आणि आता पुढच्या गाडीपर्यंत, म्हणजे ४० मिलिसेकंदांपर्यंत फलाटावर उभं राहायचं. उशीर एका मिलिसेकंदाचा, पण गेम ५० फ्रेमवरून थेट २५ वर.

यातून दोन मजेशीर गोष्टी निघतात. २१ मिलिसेकंद घेणाऱ्या गेमला १० टक्के जादा वेग दिला तर फ्रेम १९.१ मध्ये होते, गाडी मिळते आणि गेम दुप्पट सुरळीत वाटतो. उलट ३० मिलिसेकंद घेणाऱ्या गेमला तेच १० टक्के दिले तर २७.३ होतात. गाडी तरीही चुकलीच. मेहनत पाण्यात, पडद्यावर तसूभरही फरक नाही. "एका गेममध्ये जादू झाली, दुसऱ्यात काहीच नाही" असं जे ऐकू येतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आणि ज्या गेमांनी स्वतःलाच २५ किंवा ३० फ्रेमवर बांधून घेतलंय, ते मोकळ्या वेळात प्रोसेसरला स्वस्थ बसवतात. प्रोसेसर दुप्पट केला तर तो दुप्पट स्वस्थ बसेल.

पीसीएसएक्स२ मध्ये ईईचा वेग १३०, १८० किंवा ३०० टक्के करण्याचा पर्याय आहे. शॅडो ऑफ द कोलोसस हा २००५ चा गेम मूळ कन्सोलवर धापा टाकत चालायचा. महाकाय राक्षस अंगावर आला की फ्रेम धडाधड गळायच्या. ईईचा वेग वाढवला की तो स्पष्टपणे सुधारतो. उशीर प्रोसेसरपाशी होता, हे त्यातून कळतं. पण त्याच पर्यायाने दुसरे काही गेम अडकतात, किंवा त्यातल्या व्हिडिओचा आणि आवाजाचा मेळ तुटतो. म्हणूनच तो पर्याय निवडताना इम्युलेटर इशारा देतो.

प्रत्यक्ष मशीनवर हे करणं आणखी अवघड. वेगांचे आकडे नीट बघा. ईई २९४.९१२, जीएस त्याच्या बरोबर निम्मी १४७.४५६, आयओपी बरोबर आठवा हिस्सा ३६.८६४. आणि ३६.८६४ मेगाहर्ट्झला ७६८ ने भागलं की ४८ किलोहर्ट्झ येतात. आवाजाचे नमुने त्याच दराने वाजतात. सगळे एकाच तालात बांधलेले. तबल्याची लय वाढवली की हार्मोनियमवाल्यालाही पळावं लागतं, तसं एकाचा वेग छेडला की बाकीच्यांच्या वेळा चुकतात. गंमत म्हणजे सोनीनेच नंतरच्या मॉडेलांत ईई किंचित वेगवान केला, साधारण २९९ मेगाहर्ट्झ. जेमतेम दीड टक्का. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"पण पीसीवर तर तोच गेम झकास चालतो!"

चालतो, कारण पीसीसाठी तो वेगळा बांधलेला असतो. ठिपके किती, लांबचं किती दाखवायचं, फ्रेम किती, हे सगळं तिथे बदलता येण्यासारखं ठेवलेलं असतं. आणि तरीही कुठेतरी जुनी गाठ राहतेच. जीटीए सॅन आंद्रेआसच्या पीसी आवृत्तीत फ्रेम लिमिटर, म्हणजे फ्रेमची संख्या बांधून ठेवणारी सेटिंग, बंद करा. चित्र लोण्यासारखं होतं, पण पोहण्याचा आणि गाड्यांचा वेग बिघडतो, कारण "एका फ्रेममध्ये इतकं पुढे सरक" असा हिशोब आत कुठेतरी राहून गेला आहे. कन्सोलवरच्या गेममध्ये तर असे हिशोब बेधडक केलेले असत. मशीन बदलणारच नाही ही खात्री होती ना!

इम्युलेटरवर तोच गेम ४के मध्ये धारदार दिसतो, हेही खरं. पण तिथे रंगवण्याचं काम पीसीचं ग्राफिक्स कार्ड करतं आणि आकारांच्या कडा जास्त ठिपक्यांत काढतं. टेक्श्चर तीच जुनी. म्हणून बंदुकीची कड रेखीव आणि मागची भिंत पुसट, असं विजोड दृश्य दिसतं.

डिस्क काढून हार्ड डिस्क: इथे खरंच फरक पडतो

वाणी लांब आहे. सेकंदाला ५.२८ एमबी हा डीव्हीडीचा कमाल वेग, तोही डिस्कच्या बाहेरच्या कडेला. डिस्क एकाच गतीने फिरते, आतल्या कडेला एका फेरीत कमी माल सरकतो, त्यामुळे तिथे वेग याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात भिंग एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा वेळ वेगळा. म्हणजे गेम सर्वांत जास्त ताटकळतो तो इथेच.

सुरुवात आपल्या मॉडेलपासून करा. मागच्या लेबलवर एससीपीएच आणि पुढे आकडा असतो. ३०००० ते ५०००० मालिकेतल्या जाड मॉडेलांना मागे एक मोठा कप्पा असतो. त्यात नेटवर्क ॲडाप्टर बसतो आणि त्याला साडेतीन इंची हार्ड डिस्क जोडता येते. मूळ ॲडाप्टर जुन्या रुंद पट्टीच्या, म्हणजे आयडीई डिस्कसाठी आहे. आतली पाटी बदलून साटा, म्हणजे नव्या डिस्कांना लागणारी अरुंद जोडणी, करता येते आणि मग साधी एसएसडीही लागते. आयडीई डिस्क वापरत असाल तर मागचा जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी इवलीशी टोपी, 'मास्टर'वर हवा. नाहीतर डिस्क फिरते, आवाज येतो आणि कन्सोलला ती दिसतच नाही. ७०००० पासूनच्या पातळ मॉडेलांना हा कप्पाच नाही. त्यांना यूएसबी किंवा नेटवर्क केबल एवढेच सरळ मार्ग. त्यातल्या ७०००० मालिकेच्या बोर्डवर आयडीईच्या जागा सोल्डर करता येतात, पण ते बारीक तारांचं काम आहे; हात स्थिर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी गरज सॉफ्टवेअरची. फ्री एमसी बूट नावाचा प्रोग्रॅम मेमरी कार्डवर बसवला की कन्सोल सुरू होताना तो आधी वाचला जातो. डबा उघडायची गरज नाही. फक्त ९०००० मालिकेतल्या शेवटच्या मशीनवर तो चालत नाही, तिथे दुसरी युक्ती लागते. मग ओपन पीएस२ लोडर, लोक नुसतं ओपीएल म्हणतात. तुमच्याकडच्या डिस्कची पीसीवर आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, काढायची, ती हार्ड डिस्कवर टाकायची आणि ओपीएलमधून चालवायची.

यूएसबीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक जण फसतो. पेनड्राइव्ह ३.० चा असला तरी कन्सोलचं छिद्र १.१ चं आहे. सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे कागदावर दीड एमबी आणि प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. डीव्हीडीपेक्षाही हळू! गेम सुरू होतो, मेनू चालतो, आणि पहिला व्हिडिओ लागला की आवाज अडखळायला लागतो. पेनड्राइव्ह बदलून काही होत नाही. दुसरी अडचण फाइलच्या तुकड्यांची. पेनड्राइव्हवर खोडाखोड करून कॉपी केलेली आयएसओ जागा मिळेल तशी विखुरते आणि ओपीएलला ती सलग हवी असते. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून एकेक फाइल नव्याने टाकली की बहुधा काम होतं. पातळ मॉडेलला त्यापेक्षा नेटवर्क केबल बरी. पीसीवर एक शेअर केलेलं फोल्डर आणि शंभर मेगाबिटची तार.

"एसएसडी टाकली म्हणजे लोडिंग संपलंच की!" नाही. समजा एका गेमचं लोडिंग २० सेकंदांचं आहे. त्यातले १२ सेकंद डिस्क वाचण्यात जातात, ६ सेकंद आवळून ठेवलेला माल सोडवण्यात आणि २ सेकंद मांडामांडीत. साठवण कितीही वेगवान केली तरी फक्त ते १२ सेकंद कमी होतील. उरलेले ८ ईईचे आहेत. शिवाय जो माल येतो तो सगळा ३७ मेगाहर्ट्झच्या त्या पोऱ्याच्या हातून येतो. सेकंदाला ५०० एमबी देणारी एसएसडी लावली तरी त्याच्या पिशवीत मावेल तेवढंच तो आणणार. म्हणून जुनी, पण धड असलेली हार्ड डिस्क आणि नवी एसएसडी यांत या कन्सोलवर फारसा फरक जाणवत नाही. एसएसडी घ्यायचीच तर आवाज आणि उष्णता कमी म्हणून घ्या.

आणि काही गेमांना वेग सोसत नाही, ही सगळ्यांत चक्रावणारी बाब. माल येण्याआधी अमुक इतका वेळ जाईलच, हे गृहीत धरून ते लिहिलेले असतात. माल लवकर पोचला की ते काळ्या पडद्यावर थिजतात. ओपीएलमध्ये यासाठी 'मोड १' आहे. तो हार्ड डिस्कला मुद्दाम मूळ डीव्हीडीच्या चालीने वाचायला लावतो. अपग्रेड करायचं आणि मग त्याला लगाम घालायचा!

सोनीने स्वतः चिप बदलली तेव्हा

"सोनीला जमलं असतं की, त्यांच्याकडे नकाशे होते." त्यांनी प्रयत्न केला. ७५००० मालिकेपासून जुना आयओपी काढून त्याच्या जागी पॉवरपीसी जातीची नवी चिप आली, जी जुन्या प्रोसेसरची नक्कल करायची. स्वस्त पडली, पण काही मोजके गेम त्या मॉडेलांवर अडखळले. बनवणाऱ्या कंपनीने, सगळी कागदपत्रं हाताशी असताना, नुसता हमाल बदलला तरी एवढं!

प्लेस्टेशन ३ ची कथा याहून बोलकी आहे. २००६ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत जुने गेम चालावेत म्हणून सोनीने अख्खे ईई आणि जीएस बोर्डवर बसवले. कितीतरी पट ताकदवान मशीनमध्ये जुनं मशीन जसंच्या तसं! पुढच्या मॉडेलात ईई काढला, फक्त जीएस ठेवली, आणि चालणाऱ्या गेमांची यादी आखडली. नंतर दोन्ही गेले आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्का चालणंच बंद झालं.

निदान टीव्हीवर तरी नीट दिसेल का?

नव्या एलईडी टीव्हीवर चित्र गढूळ दिसतं त्यात कन्सोलचा दोष थोडा, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलचा जास्त. पिवळ्या पिनेतून सगळे रंग एकाच तारेत कोंबून येतात. कंपोनंट केबल, म्हणजे हिरवी-निळी-लाल आणि आवाजाच्या दोन पिना, हे सगळ्यांत कमी पैशांत होणारं अपग्रेड. ती लावण्याआधी जुन्या केबलवर असतानाच कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंटचा पर्याय आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर न्या. हे विसरलात तर रंग भलतेच दिसतील आणि केबल खराब निघाली असं वाटेल. बाजारात मिळणारे छोटे एचडीएमआय खुंटे आत हेच कंपोनंटचं चित्र घेतात, म्हणून त्यांनाही हीच सेटिंग लागते. त्यांनी ठिपके वाढत नाहीत, फक्त तार बदलते. जीएसच्या पायांवरून थेट डिजिटल चित्र उचलणारे अंतर्गत बोर्डही मिळतात आणि त्यांचं चित्र खरोखर स्वच्छ असतं, पण सोल्डरिंग अत्यंत बारीक आहे.

तरीही बोर्ड नव्याने काढायचंच ठरलं तर

पैसा आणि कारखाना दोन्ही हाताशी आहेत असं धरून यादी करायची, तर रॅम तिथे शेवटच्या ओळीत जाईल. पहिली ओळ पोऱ्याची: आयओपी आणि त्याचा डिस्ककडे जाणारा रस्ता रुंद करा, पण जुन्या चालीने चालण्याची सोय ठेवून. दुसरी ओळ ईईची, दीडपट वेगाने, आवाजाचा ताल त्याच्यापासून सोडवून वेगळा बांधलेला. जीएसची मेमरी तिसरी, आणि ती फक्त नव्याने लिहिणाऱ्यांसाठी. या सगळ्यावर मूळ वेगाला परत नेणारा एक खटका हवाच, कारण प्रत्येक दहा-वीस गेमांमागे एखादा हटून बसेल.

असा एक खटका तुमच्या प्लेस्टेशन २ मध्ये आधीपासून आहे, बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. डिस्क न घालता कन्सोल सुरू करा, मुख्य पडद्यावर त्रिकोण दाबा. आवृत्त्यांची यादी येईल, तिच्यात प्लेस्टेशन ड्रायव्हर निवडून पुन्हा त्रिकोण. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कांसाठी तिथे दोन पर्याय दिसतील: डिस्कचा वेग साधा की जलद, आणि टेक्श्चर साधी की गुळगुळीत. जलद ठेवून एखादी जुनी डिस्क चालवून बघा. लोडिंग आटोपशीर झालं तर उत्तम, अडकली तर कन्सोल बंद करून चालू करा. दोन्ही पर्याय आपोआप साध्यावर आलेले असतील.